१४ वर्षांच्या मुलाला कांगा लीगमध्ये मोठ्यांच्या टीममधून खेळवायचं का? क्लबला नेमकं काय काय विचारू?

ठाण्याची_आई:
नमस्कार मंडळी, मला क्रिकेटमधलं फार काही कळत नाही हे आधीच सांगते. मुलगा १४ पूर्ण आहे, शाळेकडून खेळतो, मीडियम फास्ट टाकतो, उंची चांगली आहे पण अंगात काही नाही, नुसता काठी. गेल्या आठवड्यात एका क्लबच्या कोचचा फोन आला की पावसाळ्यात कांगा लीगला (मुंबईतल्या क्लबांची पावसाळी स्पर्धा) आमच्याकडून खेळू द्या, खालच्या डिव्हिजनची टीम आहे, पोरगं तयार होईल. नवरा एका पायावर तयार, त्याच्या मते नशीब काढलं पोराने. मुलगा तर दोन दिवस जमिनीवर नाहीये.

मी मात्र अडकलेय. टीममध्ये बाकी सगळे पंचवीस ते पंचेचाळीसचे, नोकरी करणारे बाप्ये. बॉल लागेल ही भीती आहेच पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त बाकीच्याची आहे. मॅच संपल्यावर हे लोक कुठे जातात, कपडे कुठे बदलतात, व्हॉट्सॅप ग्रुपवर काय काय फिरत असतं, आणि "आम्ही गाडीतून सोडू ना ठाण्याला" म्हणणारा माणूस कोण आहे. कोचला विचारलं तर म्हणाले, "ताई, सगळे घरचेच लोक आहेत, टेन्शन घेऊ नका." आता यावर पुढे काय बोलणार? जास्त विचारलं तर पोराचं नाव कट होईल आणि तो मला आयुष्यभर ऐकवेल. कोणी स्वतः खेळलंय किंवा पोरांना पाठवलंय का? काय विचारावं आणि कशावर अडून बसावं?

गल्लीतला_गावस्कर:
ताई बिनधास्त पाठवा. कांगा लीग म्हणजे १९४८ पासून चालू असलेली शाळा आहे, मुंबईचा खडूसपणा तिथेच तयार झाला. सचिन ११ व्या वर्षी १९८४ ला जॉन ब्राइटकडून कांगा खेळला, तेव्हा कोणी फॉर्म भरून घेतले नव्हते. मोठ्यांबरोबर खेळल्याशिवाय पोरगं मोठं होत नाही, आपल्या वयाच्या पोरांच्या विकेट काढून काही कळत नाही. शिव्या ऐकेल, दोन बॉल बरगडीत खाईल, आणि पुढच्या वर्षी शाळेच्या मॅचमध्ये कोणाला घाबरणार नाही. आम्ही पण असेच शिकलो. हल्ली आईबाप जरा जास्तच करतात, राग मानू नका.

ओली_विकेट:
गावस्कर भाऊ, मोठ्यांबरोबर खेळून सुधारणा होते यात वादच नाही, मी स्वतः तसाच खेळत आलोय. पण सचिनचं उदाहरण अर्धवट देऊ नका. त्याच्या मागे भाऊ अजित होता आणि त्याचे कोच आचरेकर सर होते, जे त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. म्हणजे ते पोरगं मैदानावर कुठेही असलं तरी ते कोणाच्या ताब्यात आहे हे ठरलेलं होतं. ताईंचा प्रश्न तोच आहे की माझ्या पोराच्या बाबतीत तो माणूस कोण. "सगळे घरचेच" म्हणजे शेवटी कोणीच नाही.

आता क्रिकेटपुरतं बोलतो. कांगा पावसात, न झाकलेल्या पिचवर होते, तीच तर तिची मजा आहे. पण ओल्या पिचवर एक बॉल घोट्याशी बसतो आणि त्याच टप्प्यावरचा पुढचा बॉल तोंडाजवळ उभा राहतो, टाकणाऱ्याला पण माहीत नसतं. ३५ वर्षांच्या माणसाला मान बाजूला घ्यायची सवय झालेली असते, १४ च्या पोराने मॅटिंगवर नाहीतर टर्फच्या पाटा पिचवर प्रॅक्टिस केलेली असते. म्हणून ग्रिलवालं हेल्मेट, स्वतःचं, स्वतःच्या मापाचं. टीमच्या किटमधलं कोणाचं तरी ढिलं हेल्मेट घालून पाठवतात आणि मग बॉल ग्रिल आणि टोपीच्या मधून आत शिरतो. मानेचा गार्ड पण लावा. २०१४ ला ऑस्ट्रेलियाचा बॅटसमन फिल ह्यूज बॉल मानेला लागून गेला तेव्हापासून ते गार्ड निघाले, आणि तरी ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलबर्नला १७ वर्षांचा एक मुलगा नेटमध्ये गेला, हेल्मेट होतं पण मानेचा गार्ड नव्हता. नेटमध्ये, मॅचमध्ये पण नाही.

दुसरं, शॉर्टलेग, म्हणजे बॅटसमनच्या अगदी जवळची फिल्डिंगची जागा. आपल्याकडे रिवाजच आहे की टीममधला सगळ्यात लहान पोरगा शॉर्टलेगला उभा करायचा, कारण बाकी कोणाला उभं राहायचं नसतं आणि पोरगं नाही म्हणू शकत नाही. रमण लांबा आठवतो का, १९९८ ला ढाक्यात क्लबच्याच मॅचमध्ये फॉरवर्ड शॉर्टलेगला हेल्मेट न घालता उभा राहिला, कारण ओव्हरचे थोडेच बॉल राहिले होते. बॉल डोक्याला लागून गेला. भारताकडून इंटरनॅशनल खेळलेला ३८ वर्षांचा माणूस होता तो. तुम्ही कॅप्टनला स्पष्ट सांगा की माझा मुलगा बॅटसमनच्या जवळ उभा राहणार नाही, स्लिप-गलीत चालेल. यावर अडूनच बसा. कॅप्टन शहाणा असेल तर एका वाक्यात हो म्हणेल आणि नाही म्हणाला तर तुम्हाला त्या क्लबबद्दल हवं ते सगळं कळलं.

ठाण्याची_आई:
हे फार कामाचं आहे, धन्यवाद. शॉर्टलेग मला माहीतच नव्हतं, मुलाला आत्ता विचारलं तर म्हणतो "हो आई, नवीन मुलगा तिथेच असतो." म्हणजे त्याला माहीत होतं आणि मला सांगितलं नाही!! बोलिंगबद्दल पण सांगा ना कोणीतरी. तो सकाळी शाळेच्या नेटला टाकतो, आठवड्यातून तीनदा संध्याकाळी अकॅडमीत टाकतो, आता रविवारी हे. रात्री कंबर दुखते म्हणून कधीतरी मलम लावून घेतो.

ओली_विकेट:
कंबर दुखतेय हे आधी सांगायचं ना ताई. वाढीच्या वयात फास्ट बोलरच्या पाठीच्या खालच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर होतं, एकाच बाजूला वाकून वळून पाय आपटून आपटून हाडाला बारीक चीर जाते, आणि सुरुवातीला ते साध्या कंबरदुखीसारखंच वाटतं. क्लबचं नंतर बघा, आधी स्पोर्ट्सवाल्या हाडाच्या डॉक्टरला दाखवा. मागे वाकल्यावर किंवा बोलिंग केल्यावर एकाच बाजूला दुखत असेल तर मलमावर अजिबात भागवू नका. डॉक्टर हो म्हणेपर्यंत बोलिंग बंद, नेटमध्ये पण.

आणि खरी गोची काय होते सांगू का, शाळेचा सर त्याच्या ओव्हर मोजतो, अकॅडमीचा कोच त्याच्या, क्लबचा कॅप्टन तर मोजतच नाही, आणि तिघांची बेरीज कोणीच करत नाही. ती बेरीज घरातच करावी लागते. एक वही घाला, रोज किती बॉल टाकले ते त्यालाच लिहायला लावा. क्लबमध्ये दुसरा भाग असा की पोरगं चांगलं टाकत असलं की कॅप्टन त्याला सोडत नाही, "अजून दोन टाक रे" करत करत दहा ओव्हर होतात. पोराला तो सन्मान वाटतो. रनअपला चिखल असेल तर घोटा आणि गुडघा वेगळाच, कॅनव्हासचे बूट घालून धावायला देऊ नका, स्पाइक्स हवेत.

लेस्टरचा_लेगी:
मी मूळचा डोंबिवलीचा, सध्या इंग्लंडमध्ये, इथे रविवारचं क्लब क्रिकेट खेळतो आणि आमच्या सेकंड टीममध्ये दोन-तीन शाळकरी पोरं कायम असतात. "आमच्याकडे बघा कसं" असा टोन वाटला तर माफ करा, पण ताईंनी काय विचारावं याची यादी इथे आयती तयार आहे म्हणून लिहितो.

ओव्हरचं म्हणाल तर इंग्लंडच्या बोर्डाचा बरीच वर्षं चालत आलेला आकडा असा की १४-१५ वयाच्या फास्ट बोलरला एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, ६ ओव्हर आणि दिवसभरात १२, आणि जेवढ्या ओव्हरचा स्पेल तेवढ्या ओव्हर त्याच एंडने दुसऱ्यांनी टाकल्याशिवाय परत बॉल हातात द्यायचा नाही. १५ वर्षांखालच्या गटातलं पोरगं मधल्या स्टंपपासून ८ यार्डाच्या आत फिल्डिंगला उभं राहू शकत नाही, १३ खालचं असेल तर ११ यार्ड, फक्त ऑफला विकेटच्या मागे चालतं. हेल्मेट तर १८ खालच्या सगळ्यांना, बॅटिंगला आणि स्टंपला लागून उभं राहून कीपिंग करताना पण. १३ खालच्या गटातल्या मुलाला मोठ्यांत खेळवायचं तर आईबापाची लेखी परवानगी लागते. आमच्या लीगमध्ये टीमशीटवर पोरांचं वय लिहितात, अंपायरला टॉसच्या आधी कळतं, मग कॅप्टनला "विसरलो" म्हणता येत नाही.

मैदानाबाहेरचं जास्त महत्त्वाचं. प्रत्येक क्लबमध्ये वेल्फेअर ऑफिसर म्हणून एक माणूस असतो, त्याचं नाव-नंबर पॅव्हेलियनच्या बोर्डावर लावलेलं असतं. मोठी माणसं पोरं आत असताना कपडे बदलत नाहीत किंवा शॉवर घेत नाहीत, बहुतेक पोरं घरूनच कपडे घालून येतात. कोणताही मोठा माणूस पोराला एकट्याला मेसेज करत नाही, आईबापांना टाकून करतो. गाडीत एकट्या पोराला घेऊन जायचं नाही. जून २०२२ पासून तर कायदाच आहे की कोचने आपल्या हाताखालच्या १६-१७ वर्षांच्या मुलामुलीशी संबंध ठेवले तर तो गुन्हा, भले समोरच्याने हो म्हटलेलं असो, आधी तो कायदा शिक्षक वगैरेंनाच होता.

सगळं छान चालतं असं नाही हां. इथे मोठी माणसं कमी पडतात म्हणून रविवारी सकाळी अकरा जण भरायला पोराला फोन जातो, मग ते पोरगं अकराव्या नंबरला बॅटिंग आणि फाइनलेगला दिवसभर गवत मोजतंय. त्याचाही त्रास होतो. तेव्हा हे पण विचारा की त्याला बोलिंग देणार का, की नुसता आकडा भरायला नेताय.

गल्लीतला_गावस्कर:
लेस्टरवाले, तिकडे पॅव्हेलियन असतं हो. आझाद मैदानावर २२ पिच आणि तंबू, त्यात कसला बोर्ड लावताय 😀

स्क्वेअरलेगची_राणी:
तंबूवरूनच लिहायला आले. मी बायकांच्या क्लबकडून खेळायचे, आमच्यात टीमच कमी त्यामुळे तेरा-चौदाच्या मुली आणि तीस-बत्तीसच्या बायका एकत्रच खेळतात, दुसरा पर्यायच नसतो. काही मुली मुलांच्या टीममधून पण खेळतात. मैदानात टॉयलेटचे हाल असतात, त्यामुळे मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, उन्हात पॅड बांधून उभ्या आणि मग चक्कर. याला कोणी सेफ्टी म्हणत नाही पण माझ्या मते ही पहिली सेफ्टी आहे. पाळी आलेल्या पोरीला "काय झालं, का नाही खेळत" असं सगळ्यांसमोर विचारणारा कोच मी पाहिलाय. एक मोठी खेळाडू ठरवून ठेवायची जिच्याकडे छोट्या मुली गुपचूप जाऊन सांगू शकतील, याला पैसा लागत नाही.

मुलांना हे लागू नाही असं समजू नका ताई. तंबूत सगळ्यांसमोर कपडे बदलताना नवीन पोराची चड्डी ओढणे, त्याच्या अंगावरून काहीतरी नाव पाडणे, मोबाइलमध्ये शूट करून ग्रुपवर टाकणे, याला टीमचा हसीमजाक म्हणतात. माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत झालं, एका क्लबमध्ये, आणि त्याने घरी काहीच सांगितलं नाही, फक्त रविवारी पोट दुखायला लागलं. आम्हाला वाटलं अभ्यासाचं टेन्शन. म्हणून पोराला आत्ताच सांगून ठेवा की घरूनच व्हाइट्स घालून जायचं आणि तसंच घरी यायचं, चिखल लागला तर लागला. आणि असं काही झालं तर घरी सांगितल्यावर खेळणं बंद करणार नाही, हे शब्द त्याला स्पष्ट ऐकू येऊ देत. पोरं गप्प राहतात ती त्याच एका भीतीने.

गाडीचं म्हणाल तर लिफ्ट घ्यायचीच असेल तर दोन पोरं एकत्र, कोणाच्या गाडीत ते निघण्याआधी तुम्हाला मेसेज, आणि बाइकवर मागे बसायचं तर हेल्मेट. नाहीतर सरळ लोकल. रविवारी सीएसएमटीवरून ठाण्याला बसायला मिळतं.

कमिटीतला_काका:
एका छोट्या क्लबच्या कमिटीत बरीच वर्षं आहे, क्लबच्या बाजूने लिहितो. ताई, तुम्ही विचाराल म्हणून नाव कट होईल ही भीती सोडा. खालच्या डिव्हिजनच्या टीमला रविवारी पावसात अकरा माणसं उभी करणं किती अवघड आहे ते आम्हाला विचारा, चांगला टाकणारा पोरगा कोणी आईने चार प्रश्न विचारले म्हणून सोडत नाही.

आमच्याकडे हा विषय कधी मीटिंगला आलाच नव्हता. आला तो पॉक्सोमुळे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यामुळे. एका मेंबरने विचारलं की उद्या तंबूत काही झालं तर जबाबदार कोण, आणि सगळे गप्प. २०१२ चा हा कायदा १८ खालच्या मुलगा-मुलगी दोघांना सारखाच लागू आहे, पोराच्या संमतीला त्यात अर्थ नाही, आणि कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायलाच हवं. नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि संस्था चालवणाऱ्याने हाताखालच्या माणसाचं प्रकरण कळवलं नाही तर वर्षापर्यंत. आपल्याकडे नेहमीची पद्धत काय, तर "आपसात मिटवू, त्या माणसाला येऊ नको सांगू", आणि तो माणूस पुढच्या सीझनला शेजारच्या तंबूत कोचिंग करतो. ते मिटवणंच गुन्हा आहे हे ऐकल्यावर कमिटीचे चेहरे बघण्यासारखे होते. पोराला थेट बोलायचं असेल तर १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, तो त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

दारूचं तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणार. मॅचनंतर काही टीम बसतात, हे आहे. महाराष्ट्रात बिअरला पण २१ वय लागतं, हार्डला २५, तेव्हा "एक घोट घे रे, पाच विकेट काढल्यास" म्हणणारा सीनियर मजा करत नाहीये. आम्ही नियम केला की पोरं मैदानावर असेपर्यंत कोणी बाटली काढायची नाही आणि पोरांना चहा-वडापाव खाऊन आधी घरी लावायचं. दोन सीनियर रागावून दुसऱ्या क्लबला गेले. गेले तर गेले.

व्हॉट्सॅपचा उपाय सोपा आहे. मॅचची वेळ, मैदान, टीम यासाठी वेगळा ग्रुप, त्यात आईबाप पण, आणि सीनियरचा तो दुसरा ग्रुप ज्यात काय काय येतं ते तुम्हाला माहीत आहे, त्यात १८ खालचा एकही नंबर नाही. तुम्ही कोचला फक्त एवढंच सांगा, "मला पण ग्रुपमध्ये घ्या." घेतलं तर ग्रुप आपोआप सुधारतो.

गल्लीतला_गावस्कर:
शॉर्टलेग आणि पॉक्सोचं मान्य. पण शिव्यांवर तुम्ही सगळे गप्प आहात. स्लेजिंग बंद करा म्हणाल तर ते क्रिकेटच राहणार नाही. उद्या पोरगं अंडर १९ ला गेलं तर समोरचा काय "दादा, प्लीज आउट व्हा" म्हणणार आहे का?

ओली_विकेट:
कोणी बंद करा म्हटलंय? "बॅट सरळ येत नाही तुझी" हे म्हणा, दिवसभर म्हणा. ३८ वर्षांच्या माणसाने १४ च्या पोराला आईवरून शिवी देणं यात कसला खडूसपणा आहे, त्याला उलट बोलायची पोराची हिंमतच नाही हे माहीत असूनच देतो ना. आपल्या कॅप्टनने तिथे मध्ये पडायला हवं आणि अंपायरकडे जायला हवं. पडत नसेल तर तो कॅप्टन नाही. मी खेळताना आमचा कॅप्टन एकदा मॅच थांबवून उभा राहिला होता, त्यानंतर समोरच्या टीमने पोराला चांगला खेळलास म्हणून पाठ थोपटली पण होती. आणि शिव्या देणारे बहुतेक आपल्याच टीमचे असतात, कॅच सुटला की.

ठाण्याची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार, गावस्कर दादांचे पण (नवरा तुमच्या बाजूने आहे 😀). तर असं ठरतंय. सोमवारी आधी कंबर दाखवणार, डॉक्टर बोलले तरच पुढचं. मग कोचला फोन: मैदानावर माझ्या मुलाची जबाबदारी कोणा एकाची, त्याचं नाव आणि नंबर द्या, बॅटसमनजवळ उभा करायचा नाही, एका स्पेलला सहाच ओव्हर, मला ग्रुपमध्ये घ्या, आणि त्याला कोणी एकट्याने गाडीतून सोडायचं नाही. मुलाला हे वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "आई, तू मला टीममध्ये नाही, पाळणाघरात घालतेयस." म्हटलं चालेल. हेल्मेट आणि मानेचा गार्ड घेऊ, गार्ड कोणत्याही हेल्मेटला बसतो का? आणि पहिल्या एक-दोन मॅचना मी स्वतः जाऊन बसले तर फार वाईट दिसेल का?

ओली_विकेट:
नाही बसत, ज्या कंपनीचं आणि मॉडेलचं हेल्मेट त्याचाच गार्ड घ्या, दुकानात मुलाला नेऊन डोक्यावर घालूनच बघा. डोक्याला बॉल लागला तर तो कितीही "मी बरा आहे" म्हणाला तरी त्या दिवशी परत मैदानात नाही. उलटी, गरगरणं, झोप झोप करणं, एकच प्रश्न परत परत विचारणं यातलं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल. क्लब लेव्हलला कन्कशन सब्स्टिट्यूट (डोक्याला लागलेल्याच्या जागी खेळणारा बदली) वगैरे नसतो, टीम एक माणूस कमी खेळेल, खेळू दे.

कमिटीतला_काका:
या की बसायला, खुर्ची देतो आम्ही तंबूत, आईबाप आले की सीनियरची भाषा पण जरा शुद्ध होते. फक्त बसाल तिथे पाठ दुसऱ्या मॅचकडे करून बसू नका. या मैदानांवर एकाची बाउंड्री दुसऱ्याच्या पिचजवळून जाते, जानेवारी २०२४ ला माटुंग्याच्या दडकर मैदानावर शेजारच्या मॅचचा बॉल लागून फिल्डिंग करणारा एक माणूस गेला. मुलाला पण हेच सांगा, बाउंड्रीवर उभा असेल तर कान मागे ठेवायचे आणि कोणी "बॉल!" ओरडलं की वर बघत बसायचं नाही, दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसायचं.